जुनी वस्तू, खोटे वर्णन आणि ग्राहकाचा हक्क

वापरलेली वस्तू विकत घेणे खानदेशाला नवीन नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथे येणारा जाणकार घोड्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खूर उचलून पाहतो आणि मगच किमतीची भाषा बोलतो. बैलजोडी, मोट, पुढे तेलावरचे इंजिन आणि विजेचा पंप या साऱ्यांचा जुना बाजार आपल्याकडे याच रीतीने चालत आला. वस्तू डोळ्यांसमोर असे, विकणारा ओळखीचा किंवा ओळखीच्याच्या ओळखीचा असे आणि दोघांच्या मध्ये चार माणसे साक्षीला असत.

मोबाइल फोनने या व्यवहाराचे स्वरूप पालटले. जळगावच्या विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी बंगळूरमधील विक्रेत्याकडून जुना लॅपटॉप मागवतो. शिरपूर तालुक्यातील शेतकरी गुजरातमधील दुकानदाराने दाखवलेले छायाचित्र पाहून पाणबुडी मोटर घेतो. येथे दात पाहता येत नाहीत आणि चालही पाहता येत नाही. ग्राहकापाशी असते ते केवळ छायाचित्र आणि त्याखाली लिहिलेल्या चार ओळी. पैसे आधी जातात, वस्तू मागाहून येते. ती वर्णनाप्रमाणे निघाली नाही तर “जुन्या वस्तूला हमी नसते” असे उत्तर मिळते, आणि बहुतेक ग्राहक ते खरे मानून गप्प बसतात.

हे उत्तर कायद्याला धरून नाही. वस्तू जुनी असली तरी तिचे वर्णन खोटे असून चालत नाही. मात्र हा हक्क बजावण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. मूळ वर्णन जपून ठेवले पाहिजे आणि हरकत वेळेवर घेतली पाहिजे. गावात अशा वेळी सल्ला विचारला जातो तो शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि शासकीय कर्मचाऱ्यांना. म्हणून या विषयाची माहिती त्यांना असणे विशेष महत्त्वाचे आहे.

वर्णन हीच शर्त

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार, वर्णनावरून माल विकला असेल तर तो माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी शर्त त्या विक्रीत गृहीत धरलेली असते. ती कागदावर वेगळी लिहिण्याची गरज नाही. कायद्याने शर्त आणि हमी यांत भेद केला आहे. हमी मोडली तर ग्राहकाला केवळ नुकसानभरपाई मागता येते. शर्त मोडली तर माल नाकारून करारच संपवता येतो. वर्णनाचा समावेश शर्तीत होतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

हा नियम जुन्या मालालाही लागू पडतो. आपला १९३० चा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याच्या धर्तीवर तयार झाला. त्या कायद्याखाली १९०० साली व्हार्ली विरुद्ध व्हिप हा खटला चालला. एका शेतकी कापणी यंत्राचे वर्णन विक्रेत्याने असे केले होते की, ते आदल्या वर्षी नवे होते आणि त्याने फक्त ५०-६० एकरांची कापणी झाली आहे. घेणाऱ्याने यंत्र पाहिलेले नव्हते. प्रत्यक्षात यंत्र फारच जुने निघाले आणि त्याने ते परत पाठवले. विक्रेता किमतीसाठी न्यायालयात गेला, पण निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. ज्याने वस्तू पाहिलेली नाही, तो वर्णनावरच विसंबून खरेदी करतो, म्हणून ही वर्णनावरून झालेली विक्री होय, असे न्यायालयाने ठरवले. यंत्राच्या जागी लॅपटॉप आणि आगगाडीच्या जागी कुरिअर ठेवले, तर आजची ऑनलाइन खरेदी हीच आहे.

१९६७ साली इंग्लंडमध्येच बील विरुद्ध टेलर या खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. एका खाजगी व्यक्तीने आपली मोटार १९६१ सालची म्हणून जाहिरात देऊन विकली होती. ती दोन वेगवेगळ्या मोटारींचे अर्धे भाग जोडून बनवलेली निघाली. एकच अर्धा भाग १९६१ च्या नमुन्याचा होता. घेणाऱ्याने गाडी आधी पाहिली होती आणि विकणारा व्यापारी नव्हता. तरीही जाहिरातीतील वर्णन त्याच्यावर बंधनकारक ठरले. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. परंतु दोन्ही कायद्यांतील तत्त्व एकच असल्याने ते विषय स्पष्ट करण्यास उपयोगी पडतात.

तक्रार कशाची, कशाची नाही

“खरेदी करणाराने सावध असावे” हे तत्त्वही आपल्या कायद्यात आहेच. तेव्हा कोणती तक्रार टिकते हे नीट समजून घ्यावे. जुन्या वस्तूवर वापराच्या खुणा असणारच. पाच वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी नव्यासारखी चालत नाही, ही तक्रार नव्हे. घेतल्यावर मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्कही कायद्याने दिलेला नाही. एखाद्या कंपनीने आपल्या अटींत तशी सवलत दिली असेल तर गोष्ट वेगळी.

परंतु वर्णनात “१६ जीबी स्मृती” असे लिहिले आणि आत ८ जीबी निघाली, “तांब्याची वाइंडिंग” असे सांगून ॲल्युमिनियमची मोटर पाठवली, “कधी उघडलेला नाही” असा फोन बाहेरचा पडदा बसवलेला निघाला, तर वर्णन आणि वस्तू यांत भेद आहे. तपासता येण्याजोगे ठोस विधान खोटे ठरणे, हा या तक्रारीचा गाभा आहे. “मस्त कंडिशन”, “एक नंबर माल” यांसारख्या मोघम शब्दांवर तक्रार उभी राहणे अवघड जाते. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी संदेशाने घ्यावीत. विक्रेत्याने दिलेली अशी उत्तरे पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

“आहे त्या स्थितीत विक्री” असा शेरा काही जाहिरातींत असतो. न सांगितलेल्या दोषांबाबत त्याचा विक्रेत्याला आधार मिळू शकतो. पण जाणूनबुजून केलेले खोटे विधान त्या शेऱ्याआड लपवता येत नाही. फसवणुकीने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार करार रद्द करण्यास कारण ठरते.

विकणारा कोण आहे?

परताव्याचा मार्ग विकणारा कोण आहे यावर ठरतो. येथे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार नियमित व्यवसाय म्हणून वापरलेल्या किंवा दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या वस्तू विकणाऱ्यांचा. त्यांना ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम, २०२० लागू होतात. जुनी, दुरुस्त केलेली किंवा पुन्हा बांधणी केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही या कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तूचा दर्जा, प्रत किंवा नमुना यांविषयी खोटे सांगणे हीदेखील तशीच प्रथा होय. बिल न देणे आणि सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे यांचाही तीत समावेश होतो. परताव्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस, अशी मर्यादा कायद्याने घातली आहे.

ई-वाणिज्य नियमांनी यात भर घातली आहे. जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये वस्तूत नसतील, तर ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने वर्णन व छायाचित्रे वस्तूशी जुळतील असे हमीपत्र विक्रेत्यांकडून घ्यावयाचे असते. तिने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावयाचा असतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे.

दुसरा प्रकार घरातील एखादी वस्तू एकदाच विकणाऱ्या खाजगी व्यक्तीचा. नियमितपणे व्यवसाय म्हणून न केलेल्या वैयक्तिक व्यवहाराला ई-वाणिज्य नियम लागू नाहीत, असे त्या नियमांतच नमूद आहे. अशी व्यक्ती ग्राहक कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरणेही कठीण असते. पण याचा अर्थ ग्राहक निराधार झाला असा नव्हे. १९३० आणि १८७२ चे वर सांगितलेले दोन्ही कायदे खाजगी विक्रीलाही लागू आहेत. फरक इतकाच की दाद ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावी लागते.

वस्तू हाती आल्यावर

खरेदीदाराने माल आधी तपासलेला नसेल, तर तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे धरले जात नाही. मात्र वाजवी मुदत उलटूनही त्याने नकार कळवला नाही, किंवा आपणच मालक आहोत अशा रीतीने मालाचा वापर केला, तर माल स्वीकारला असे धरले जाते. एकदा स्वीकारल्यावर सर्वसाधारणपणे माल नाकारण्याचा हक्क जातो आणि केवळ भरपाईची मागणी उरते. पाणबुडी मोटर विहिरीत सोडून हंगामभर चालवायची आणि मग तक्रार करायची, किंवा लॅपटॉप गावातल्या कारागिराकडून उघडून घ्यायचा आणि मग परत करायचा, असे केल्याने चांगली बाजूही दुबळी होते.

म्हणून पार्सल उघडताना सलग चित्रफीत घ्यावी. त्याच दिवशी वस्तू वर्णनाशी ताडून पाहावी. फोन असल्यास *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि केंद्र शासनाच्या संचार साथी सेवेवर तो तपासावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तेथे कळून येतो. जाहिरातीचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवावेत, कारण वाद सुरू होताच जाहिरात काढून टाकली जाते. ज्या फोनवर हे संदेश आले तो फोनही जपावा. पैसे दिल्याची नोंद, बिल आणि कुरिअरची पावती एकत्र ठेवावी.

त्यानंतर लेखी नकार कळवावा. त्याचा मजकूर साधारणपणे असा असावा:

“महोदय, आपण विकलेली अमुक वस्तू मला अमुक दिनांकास मिळाली. तिच्या वर्णनात अमुक विधान होते. प्रत्यक्षात अमुक आढळले. वस्तू वर्णनाशी जुळत नसल्याने मी ती नाकारीत आहे. ती वापरात न आणता आपल्यासाठी राखून ठेवली असून आपण ती घेऊन जाण्याची व्यवस्था करावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वस्तूची किंमत व वाहतूक खर्च परत करावा. अन्यथा मला कायदेशीर मार्गाने दाद मागावी लागेल.”

या पत्रातील “राखून ठेवली आहे” हे शब्द सहेतुक आहेत. माल रास्तपणे नाकारणाऱ्या ग्राहकावर तो स्वतः परत पाठवण्याचे बंधन नाही; नकार कळवला की पुरेसे होते, असे माल विक्री अधिनियमाचे कलम ४३ सांगते. ऑनलाइन बाजारपेठेवरून खरेदी केली असल्यास परतीची मागणी प्रथम तिच्याच ॲपवर नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि तेथील मुदत चुकवू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परतावा देतो असे सांगून क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला लावणारे भामटे आहेत. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. ही चूक झाली, किंवा पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

दाद कोठे मागावी

विक्रेता व्यापारी असल्यास पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिचा क्रमांक १९१५ असून ती मराठीतही तक्रार घेते. ही मध्यस्थीची सेवा आहे. ती आदेश देऊ शकत नाही, पण अनेक कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असल्याने पुष्कळदा तेथेच काम होते.

तेथे न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी असा आयोग आहे. १९८६ च्या कायद्यात तक्रारदाराचे राहण्याचे ठिकाण हा तक्रार दाखल करण्याचा स्वतंत्र आधार नव्हता. विक्रेता कोठे आहे किंवा वादाचे कारण कोठे घडले, ते पाहिले जाई. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार करण्याची मुभा दिली. त्यामुळे साक्रीच्या शिक्षकाने दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध धुळ्यातच दाद मागावी, हे आता निर्विवाद शक्य आहे. ऑनलाइन केलेली खरेदी ही खरेदीच होय, असेही या कायद्याने स्पष्ट केले आहे.

वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. ती आयोगाच्या कार्यालयात किंवा २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून दाखल करता येते. तक्रारदाराला दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तक्रार ३ महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, याची जाणीव ठेवून कागदपत्रे सांभाळावीत. आयोग किंमत व्याजासह परत देण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्यास तुरुंगवास किंवा किमान २५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शेतकऱ्यांच्या मनात एक शंका असते. मोटर किंवा फवारणी यंत्र ही धंद्याची वस्तू, मग आपण ग्राहक कसे? पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, हे खरे. परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू या अपवादात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या प्रकरणात टंकलेखन यंत्राचे आणि टॅक्सीचे उदाहरण देऊन हा भेद उलगडून दाखवला. स्वतःच्या शेतासाठी मोटर घेणारा शेतकरी याच न्यायाने ग्राहक आहे.

विकणारी व्यक्ती खाजगी असेल, तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करावा. तेथे दोन्ही पक्षांना बोलावून लोकअदालतीत तडजोड घडवली जाते. झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो. तडजोड न झाल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा असतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत आहे. विकताना पहिल्यापासूनच फसवण्याचा हेतू होता असे दिसत असेल, तर पोलिसांकडे तक्रार करता येते. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१८ खाली ठकवणूक हा गुन्हा आहे. मात्र प्रत्येक बिघडलेली वस्तू म्हणजे गुन्हा नव्हे, हा विवेक राखला पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल

ग्राहक कायद्याला १९८६ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबरचा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांत केवळ घोषणा न देता विद्यार्थ्यांकडून एखाद्या जुन्या वस्तूच्या जाहिरातीची चिकित्सा करून घ्यावी. तीतील कोणते विधान तपासता येण्याजोगे आहे, कोणते मोघम आहे आणि विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारले पाहिजेत, हे मुलांनी शोधावे. घरात फोनवरून खरेदी करणारे हात पुष्कळदा त्यांचेच असतात.

ग्रामपंचायतींनी १९१५ व १९३० हे दोन क्रमांक आणि वरील नकारपत्राचा नमुना फलकावर लावावा. ऑनलाइन अर्ज भरण्यास ज्यांना अडचण येते, त्यांना ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाने साहाय्य केले तर तालुक्याची एक फेरी वाचेल. जिल्हाधिकारी हे जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष असतात. एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक गावांतून तक्रारी येत असतील, तर ही बाब परिषदेच्या नजरेस आणून देणे उचित ठरेल.

दहा-पंधरा हजार रुपयांची वस्तू ही कायद्याच्या दृष्टीने लहान बाब दिसते. पण कापूस विकून आलेल्या पैशातून मुलीच्या शिक्षणासाठी जुना लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ती लहान नसते. अशा कुटुंबाने नशिबाला बोल लावून गप्प बसू नये. त्याने पहिल्याच आठवड्यात लेखी नकार द्यावा आणि तो देण्यास गावातील एखाद्या जाणत्या माणसाने त्याला मदत करावी, एवढे जरी झाले तरी अशा कुटुंबाचे पैसे परत मिळण्याची शक्यता पुष्कळच वाढेल.